उजनीवरच्या १४ फुटी होडीला किती पाउंडाची ट्रोलिंग मोटर लागेल?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. भिगवणजवळ कुंभारगावच्या बाजूने उजनीच्या फुगवट्यात पक्षी दाखवायला होडी चालते. पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने रोहित (फ्लेमिंगो) लांबूनच उठतात आणि वल्ह्याने परत येताना वाऱ्यापुढे टिकाव लागत नाही, म्हणून इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (मागच्या फळीला अडकवायची, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) लावायची आहे.

होडीची माहिती अशी: फायबरची, लांबी १४ फूट, रुंदी साडेचार फूट, तळ सपाट, मागची फळी सपाट आणि उभी. रिकामं वजन साधारण १८० किलो. नावाडी धरून ५ माणसं. एक फेरी जाऊन-येऊन ६ किलोमीटर, सकाळी दोन फेऱ्या. वेगाची घाई नाही, ताशी ४ किलोमीटर पुष्कळ झालं. पण दहा-साडेदहानंतर वारा उठतो आणि परतीची वाट नेमकी वाऱ्याच्या तोंडावर असते.

एक दुकानदार म्हणतो ३० पाउंड भरपूर. ऑनलाइन १२ व्होल्टवर ८६ पाउंडाची मोटर स्वस्तात दिसते. घरी इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी आहे, ती चालेल का? मोटर पाण्यात धरणारी दांडी किती लांब घ्यावी? आणि जलपर्णीचं काय करायचं?

अँपमीटर

आधी पाउंड म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ट्रोलिंग मोटरवरचा आकडा अश्वशक्तीचा नसतो, ढकलण्याच्या जोराचा असतो. तोही होडी जागेवर बांधलेली असताना मोजलेला. ५५ पाउंड म्हणजे सुमारे २५ किलोचा रेटा. होडी चालू लागली की हा रेटा कमी होत जातो, कारण पंखा ठरावीक वेगापलीकडे पाणी मागे फेकूच शकत नाही. या मोटरींचे पंखे ताशी ८ ते १० किलोमीटरच्या आसपास रेटा देईनासे होतात. म्हणून मोठी मोटर घेतल्याने होडी स्पीडबोट होत नाही, पण वाऱ्यात जागेवर अडकत नाही.

प्राथमिक हिशेब सोपा आहे: भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोला २ पाउंड. तुमची होडी १८०, माणसं ७० च्या सरासरीने ३५०, बॅटरी ४०, नांगर, वल्ही, जॅकेटं मिळून ३०. एकूण ६०० किलो. भागाकार केला तर २७ पाउंड. दुकानदाराचे ३० पाउंड इथूनच आले असणार. पण हा नियम शांत तलावासाठी आहे. मोकळ्या पाण्यावर आणि वाऱ्यात यात निदान निम्मी भर घालायची, म्हणजे ४० पाउंड. ४० ला नेमकी ४० ची मोटर घेतली तर ती कायम पूर्ण जोरावर चालते, तापते आणि बॅटरी खाते. त्यामुळे १२ व्होल्टमधली पुढची पायरी, ५५ पाउंड, ही तुमच्या होडीची मोटर.

स्वस्तातल्या ८६ पाउंडांबद्दल: पाउंड वाचू नका, पूर्ण जोराला किती अँपिअर ओढते ते वाचा. मिन कोटा कंपनीच्या एन्ड्युरा सी२ मालिकेत ३० पाउंडाला ३० अँपिअर, ४५ ला ४२ आणि ५५ ला ५० लागतात. म्हणजे एका पाउंडामागे साधारण ११-१२ वॉट. १२ व्होल्टवर ५० अँपिअर घेणारी मोटर ८६ पाउंड देते असं कोणी लिहिलं असेल, तर ते सुमारे ५५ पाउंडच समजून चाला. आणि खरोखर ८६ देणारी असेल, तर १२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या घरात जाईल. तेवढ्या प्रवाहासाठी वायर, लग (वायरीच्या टोकाची कडी) आणि बॅटरी सगळंच वेगळं लागतं.

खाडीकर

नियमाला माझी हरकत नाही, पण तो वजनाचा नियम आहे आणि तुमची अडचण वजनाची नाही, वाऱ्याची आहे. ६०० किलोची होडी ताशी ४ किलोमीटरने ढकलायला फार थोडा जोर पुरतो. वाऱ्याचा हिशेब वेगळा करायला हवा.

पाच माणसं बसलेल्या होडीचा समोरून दिसणारा भाग अंदाजे २ चौरस मीटर धरा. अंगावर येणारा वारा ताशी २५ किलोमीटर असेल तर मागे रेटणारा जोर साधारण ६ किलो होतो. त्यात होडीचा स्वतःचा ४ किलोमीटर वेग मिळवला की ८ किलोच्या जवळ. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून सकाळी सातला सहज जमणारी वाट अकराला जमत नाही. उन्हासाठी वर कापडी छत असेल तर हे आकडे सरळ दुप्पट धरा. छत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

नुसत्या अंदाजावर पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. माल तोलायचा २५ किलोचा लटकता काटा घ्या. दुसऱ्या इंजिनाच्या होडीमागे आपली होडी पूर्ण भरून १० मीटर दोरीने बांधा, दोरीत मधे काटा अडकवा. पुढच्या होडीच्या पंख्याचं पाणी थेट आपल्या होडीवर यायला नको, म्हणून दोरी लांब हवी आणि थोडी तिरकी. फोनवर जीपीएसचा वेग बघत ताशी ४ आणि ६ किलोमीटरला काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा. पहाटे वारा पडलेला असताना दोन्ही दिशांनी खेचा आणि सरासरी काढा.

भीमाकाठ

छत नाही, आणि लावणारही नाही, दुर्बीण आणि कॅमेऱ्याला अडचण होते. काट्याची चाचणी केली. पाच माणसं आणि बॅटरीऐवजी वाळूचं पोतं ठेवून: ताशी ४ ला साधारण ४ किलो, ताशी ६ ला १० किलो. आता यातून मोटर कशी काढायची?

खाडीकर

उत्तम आकडे आहेत, सपाट तळाच्या होडीला शोभणारे. वेग दीडपट झाला आणि ओढ अडीचपट. याच्या पुढे ओढ आणखी झपाट्याने चढते, म्हणून ६ च्या वर जायचा नाद सोडलेला बरा.

आता जोड: संथ पाण्यात ताशी ४ ला ४ किलो, वर समोरचा वारा ८ किलो, एकूण १२. ताशी ४ च्या वेगाला मोटरचा खरा रेटा छापील आकड्याच्या साधारण साठ टक्के उरतो असं धरा. मग:

३० पाउंड: जागेवर साडेतेरा किलो, चालताना ८. वाऱ्यात पुरणार नाही.
४५ पाउंड: जागेवर २०, चालताना १२. अगदी काठावर, राखीव काही नाही.
५५ पाउंड: जागेवर २५, चालताना १५. जमेल, थोडं हाताशी राहील.

छत असतं तर वाऱ्याचेच १६ किलो झाले असते आणि मग २४ व्होल्टची ८० पाउंडाची मोटर घ्यावी लागली असती. ५ ऐवजी ७ माणसं नेण्याचा विचार पुढेमागे असेल तरीही २४ व्होल्टच घ्या. तेवढ्याच ताकदीला प्रवाह निम्मा लागतो, वायर कमी तापते आणि मोठी मोटर अर्ध्या जोरावर जास्त शांत चालते. पण दोन बॅटऱ्या एकसारख्या, एकाच वयाच्या लागतात, आणि त्यातली एक दमली की दोन्ही जातात. पाच माणसं, छत नाही, दोन फेऱ्या, एवढंच असेल तर ५५ वर थांबा.

अँपमीटर

काट्यावरची बेरीज आणि माझा नियम एकाच ठिकाणी आले. आता बॅटरी, कारण खरा खर्च आणि खरी निवड तिथे आहे.

५५ पाउंडांच्या मोटरमध्ये दोन प्रकार मिळतात. एक पाच पायऱ्यांचा: पुढे पाच वेग, मागे तीन. यात वेग कमी करायला प्रवाह कॉइलमधून फिरवतात आणि वाचलेली वीज उष्णता होऊन जाते. दुसरा पीडब्ल्यूएमचा, हँडल फिरवाल तसा वेग सलग बदलतो. यात वीज फार झपाट्याने चालू-बंद करून पोचवतात, म्हणून कमी वेगाला फारच कमी वीज लागते. तुम्ही बहुतेक वेळ कमी वेगात असणार, तेव्हा दुसराच घ्या. किमतीतला फरक बॅटरीच्या आकारात वसूल होतो.

पीडब्ल्यूएम मोटरवर तुमच्या ओढीला संथ पाण्यात ताशी ४ ला १२ ते १५ अँपिअर जातील, वाऱ्याविरुद्ध परतताना २५ ते ३०. तीन किलोमीटर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. जाताना ११ एएच, येताना २१, एका फेरीला ३२, दोन फेऱ्यांना ६४ एएच.

घरची १५० एएच ट्यूब्युलर: तिच्यावर लिहिलेले १५० हे २० तासांत हळूहळू काढले तरच मिळतात, म्हणजे साडेसात अँपिअरने. २० अँपिअरने काढाल तर हाती सुमारे ११५-१२० येतील, ५० ने काढाल तर ९०-९५. त्यातही शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने सरतं. म्हणजे वापरण्याजोगे सुमारे ५८-६०. तुमची गरज ६४. बसता बसता राहिली. शिवाय उंच ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची असते, म्हणजे एक माणूस कमी न्यायचा, आणि होडी कलली की झाकणातून आम्ल बाहेर येतं. चाचणीपुरती वापरा, रोजच्या कामाला नको. गाडीची स्टार्टर बॅटरी तर मुळीच नको. ती क्षणभर मोठा प्रवाह द्यायला पातळ पट्ट्यांची बनवलेली असते, रोज खोल रिकामी केली की काही आठवड्यांत बसते.

लिथियम आयर्न फॉस्फेट १२.८ व्होल्ट १०० एएच: १० ते १३ किलो, ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे ८०. दोन फेऱ्या होऊन १६ एएच राखीव. घेताना आतल्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची) क्षमता विचारा: सलग १०० अँपिअर हवी. ५० अँपिअरच्या बीएमएसवर ही मोटर पूर्ण जोराला गेली की बॅटरी स्वतःच बंद होते, आणि ती नेमकी वाऱ्यात, भर पाण्यात होते. चार्जर १४.४ ते १४.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच घ्या. २० अँपिअरच्या चार्जरने ६४ एएच साडेतीन तासांत परत भरतील.

आणखी दोन गोष्टी. मोटरच्या डोक्यावरचे चार दिवे लिथियमला कळत नाहीत. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, दिवे 'भरलेली' म्हणत राहतात आणि मग एकदम सगळं बंद. शंट (प्रवाह मोजायची पट्टी) लावलेला एएच मोजणारा मीटर बसवा, तोच भरवशाचा. दुसरं, लिथियमचं व्होल्टेज पडत नसल्यामुळे मोटरला पूर्ण जोरावर नेहमीपेक्षा जास्त ताकद जाते. तासभर सलग पूर्ण जोरावर ठेवू नका, आण्यांच्या भाषेत सांगायचं तर सोळा आण्यांतले तेरा-चौदा आणे पुरेत.

तांब्याची_तार

वायरिंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोटर मागे, मोटर धरणारा मागे, बॅटरीही मागे ठेवली तर होडीचं पुढचं तोंड वर उचललं जातं, वारा त्याला धरतो आणि होडी सारखी फिरते. बॅटरी मधल्या बाकाखाली किंवा त्याच्याही पुढे ठेवा. पण मग वायर लांबते, आणि तिथे लोक कंजुषी करतात.

तीन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ५० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वायरीतच जातात, ४०-४५ वॉट नुसती उष्णता. १६ चौरस मिलिमीटरला हेच ०.३३ व्होल्ट. म्हणून १६ च्या खाली जाऊ नका, वेल्डिंगची तांब्याची लवचीक केबल चालते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल विकतात, ती टाळा. कापून आतली तार चाकूने खरवडली की पांढरी दिसते.

टोकांना कथिल चढवलेले तांब्याचे लग, हातोडीने ठोकलेले नव्हे, क्रिंपिंग टूलने दाबलेले, वर उष्णतेने आवळणारी नळी. बॅटरीच्या खांबांवर फुलपाखरी नट असतील तर काढून षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर लावा. फुलपाखरी नट हाताने पुरेसे आवळले जात नाहीत, होडीच्या हादऱ्यांनी सैल होतात, आणि सैल जोड ५० अँपिअरला खांबच वितळवतो. अर्धा तास चालवून झाल्यावर प्रत्येक जोडाला हात लावून बघा. गरम लागला तो जोड वाईट.

धन टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा डीसी सर्किट ब्रेकर, पाण्याचा शिडकावा सोसणारा. तो मोटरीसाठी नाही, वायरीसाठी आहे: पंख्यात जाळं अडकून पंखा थांबला की प्रवाह एकदम चढतो, आणि ब्रेकर नसेल तर बॅटरी वायर पेटेपर्यंत देत राहते. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, पेटी पट्ट्याने तळाला बांधलेली. चार्जिंग होडीत नको, घरी हवेशीर जागी. ट्यूब्युलर असेल तर हा नियम मोडू नका, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

पाणलोट

दांडी आणि जलपर्णी माझ्याकडून.

दांडीचं माप: पूर्ण भरलेल्या होडीत, मागच्या फळीच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत सरळ खाली मोजा. त्यात ५० सेंटिमीटर मिळवा, लाटा असतील तर आणखी १२. तुमच्यासारख्या होडीत काठ पाण्यापासून ३० ते ३५ सेंटिमीटर येतो, म्हणजे ३६ इंची दांडी. पंख्याचं वरचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली निदान वीतभर राहायला हवं. वर राहिला तर हवा ओढतो, फडफड आवाज करतो आणि जोर निम्मा होतो. पक्ष्यांसाठी शांत मोटर घेतली आणि पंखा वर ठेवला, तर मोटर घेण्याचा अर्थच उरत नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तेव्हा अडचण उलटी: फूट-दीड फूट पाण्यात पंखा चिखलात. दांडीवरची कॉलर सैल करून मोटर वर ओढता येते, ती जागा नावाड्याच्या हाताला बसल्या जागी पोचली पाहिजे. क्लॅम्पचे स्क्रू पकडतात तिथे फळीला आत-बाहेर प्लायवुडचा तुकडा द्या, नुसतं फायबर दबून चिरतं. आणि मोटरपासून होडीच्या कडीला एक दोरी बांधून ठेवा. क्लॅम्प सैल झाला तरी मोटर तळाशी जाणार नाही.

जलपर्णीसाठी दोन पात्यांचा, मागे झुकलेल्या कडांचा 'वीडलेस' पंखा घ्या. तो विरळ गवत कापत नाही, बाजूला सारतो. दाट जलपर्णीच्या थरात कुठलाच पंखा चालत नाही, तिथे मोटर उचला आणि बांबूने रेटा. थरात शिरल्यावर जोर वाढवणं ही सगळ्यात वाईट गोष्ट: मुळांचा गुंता पंख्यामागे घट्ट बसतो, अँपिअर चढतात, ब्रेकर पडतो. गुंता जाणवला की आधी बंद, मग दोन सेकंद उलटा फिरवा, नाही सुटला तर बॅटरीची जोडणी सोडवून हाताने काढा.

जलपर्णीपेक्षा वाईट शत्रू म्हणजे मासेमारीच्या जाळ्याची नायलॉनची तार. ती पंख्यामागे धुऱ्यावर गुंडाळली जाते, बाहेरून दिसत नाही, आणि फिरता फिरता रबरी सील कापते. सील गेलं की पाणी मोटरच्या आत. दर आठवड्याला पंख्याचा नट सोडा, पंखा ओढून काढा, धुऱ्यावर तार आहे का बघा, असेल तर उलगडून काढा. ब्लेडने कापू नका, सीलला चरा पडतो. याच वेळी पंख्याची आडवी पिन तपासा. बुंध्याला पंखा आपटला की ही पिन वाकते किंवा तुटते, म्हणून मोटर वाचते. मोटर फिरते पण होडी हलत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा पिनच गेलेली असते. दोन पिना, एक नट आणि पाना होडीतच ठेवा.

उजनीचं पाणी गोडं आहे, त्यामुळे साधी मोटर चालेल. हीच मोटर कधी कोकणात खाडीवर नेणार असाल तर नेऊ नका, खाऱ्या पाण्याची वेगळी मालिका असते.

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं: ५५ पाउंड, पीडब्ल्यूएम, ३६ इंची दांडी, १०० एएच लिथियम, १६ ची केबल. एक शेवटचं: पक्ष्यांच्या किती जवळ मोटर चालू ठेवावी? आणि नोंदणी लागते का?

खाडीकर

मोटर शांत असली तरी रोहित होडीचा आकार आणि चाल पाहतात. थव्याकडे सरळ तोंड करून जाऊ नका, तिरकं जा. माना वर झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला की तुम्ही फार जवळ आलात. त्याच्या बरंच आधी मोटर बंद करून बांबूवर या. उथळ भागात पंख्याने चिखल ढवळला की त्यांचं खाणंही बिघडतं.

नोंदणीचं: विजेवर चालणारी होडीही यांत्रिक होडीतच येते, आणि तुम्ही पैसे घेऊन माणसं नेता. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचे नियम यांची चौकशी मोटर बसवण्याआधी करा, कारण किती माणसं न्यायची यावर मर्यादा आली तर वरचा सगळा हिशेब बदलतो. प्रत्येक माणसाच्या अंगावर जॅकेट, आणि मोटर आली तरी दोन वल्ही होडीतच.

अँपमीटर

मोटर आली की पहिल्या दिवशी पाहुणे घेऊ नका. आधी होडी धक्क्याला त्याच लटकत्या काट्याने बांधा, पूर्ण जोर द्या आणि काटा वाचा: २२-२५ किलो आला तर माल खरा, १५ आला तर परत करा. त्याच वेळी मीटरवर अँपिअर आणि बॅटरीच्या खांबांवरचं व मोटरच्या टोकावरचं व्होल्टेज, असे तीन आकडे लिहून ठेवा. पुढे कधी होडी मंद वाटली तर हेच आकडे परत मोजा. अँपिअर वाढलेले असतील तर पंख्यात काहीतरी आहे, कमी झालेले असतील तर जोड किंवा बॅटरी.